पिंडाजवळ न ठेवलेली बाटली

नंदू,

तू मला जाताना एकच काम सांगितलं होतंस आणि त्याला मी तोंडानं हो म्हटलं नव्हतं. परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडववाला बांबू घेऊन गेला. ते काम झालं की नाही, हे तुला सांगायचं राहिलं आहे. खरं सांगायचं तर ते मलाही अजून नीट कळलेलं नाही.

दवाखान्यातली ती दुपार. तुझ्या पोटातलं पाणी दुसऱ्यांदा काढलं होतं, साडेचार लिटर. मी बरणीवरचा आकडा वाचत उभा होतो. आकडा वाचता आला की मला जरा धीर येतो, तुला माहीत आहे. कल्पना डबा धुवायला गेली होती. तू डोळे न उघडता म्हणालास, "दादा, दहाव्या दिवशी हे लोक बाटली ठेवतीन. ठेवू देऊ नको."

मी म्हटलं, "काही बी बोलू नको. सूज उतरली की सोडून देतीन."

"माह्यासाठी नाई सांगून राह्यलो. मी तं गेलेलो असन. पोरासाठी सांगून राह्यलो, अन्यासाठी."

मी उठून पंख्याचं बटन फिरवलं. पंखा आधीच पूर्ण वेगात होता. हो म्हटलं असतं तर तू जाणार हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. चार दिवसांनी गेलास.

बाहेरच्या माणसाला आपल्या घरची ही रीत सांगितली तर पटणार नाही. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. आपल्याला कळायला लागलं तेव्हापासून बंदीच पाहिली. आणि आपल्या घरात माणूस गेला, दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवला नाही, की त्याच्या आवडीची बाटली पिंडाजवळ ठेवायची. आजोबांच्या वेळी ठेवली. बाबांच्या वेळी ठेवली. आपल्याकडचा पुरुष कशाच्या आवडीनं जगला, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं.

बाबांच्या दहाव्याला काकांनी मोहाची आणवली होती. पिंडाभोवती धार धरली आणि ती रेतीत मुरण्याआधी बाभळीवरून कावळा उतरला. "पाय, आला," काका रडत म्हणाले, "माह्या भावाची इच्छा हेच होती." उरलेली बाटली पुरुषांनी तिथंच वाटून घेतली. मी भांडी घासायला खाली पाण्यावर गेलो होतो. वर आलो तेव्हा काका तुझ्या ओंजळीत ओतत होते. "घे रे. बापाचा प्रसाद आहे. नाई म्हनू नाई." तुला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. तू प्यालास, तोंड वेडंवाकडं केलंस आणि सगळे हसले. सुतकात दहा दिवस कोणी हसलं नव्हतं, तेव्हा हसले.

ही गोष्ट तू कधी विसरला नव्हतास, हे मला फार उशिरा कळलं. व्यसनमुक्ती केंद्रातून तू आलास, मग शाळेच्या खोलीत भरणाऱ्या, दारू सोडलेल्यांच्या त्या बैठकांना जायला लागलास. एकदा घरच्यांनाही बोलावलं होतं. कोणी सांगत होता मित्रामुळे लागली, कोणी म्हणत होता लग्नाच्या वरातीत. तुझी पाळी आली तेव्हा तू उभा राहून म्हणालास, "मी नंदकिशोर. मी पिंडावरची प्यालो. तवापासून मले असं वाटे का बाबा माह्या तोंडानं पिऊन राह्यले." कल्पनानं माझ्या बायकोचा हात धरला. मला त्या खोलीतून उठून बाहेर जावंसं वाटलं होतं. भीती वाटली होती. कसली, ते मला आत्ता दहाव्या दिवशी समजलं.

तू सोडलीस, हे मला मान्य होतं. पण रोज मान्य होत नव्हतं. आपला हा फरक शेवटपर्यंत मिटला नाही. तू संध्याकाळी ट्रक लावून, मी गाड्या तोलतो त्या धर्मकाट्यावर यायचास आणि बाकावर बसायचास. मी पावती द्यायच्या निमित्तानं, बिडीच्या निमित्तानं तुझ्याकडे वाकायचो. तुला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मग तूच यायचास तो तोंड पुढं करून. "घे, घे वास. आज वांग्याची भाजी होती." काट्यावरचे ड्रायव्हर खो खो हसायचे. तूही हसायचास. एक दिवस हसला नाहीस.

"दादा, एक सांग. गाडीचं रिकामं वजन तिच्या अंगावर लिहून असते ना?"

"असते."

"मंग तू रोज काऊन मोजतं?"

"लिहिलं ते खरं असनच असं नाई. कोणी डिझेल भरते, कोणी फाळका बदलते. ड्रायव्हर चढून बसला तरी साठ किलोचा फरक पडते."

"म्हनजे तुह्या काट्यावर एकदाबी कोनाची गाडी खरी ठरत नाई. रोज नव्यानं ठरते."

"काट्याचा धंदा असाच असते बापा."

"मी धंदा नाई, भाऊ आहो तुह्या," तू म्हणालास आणि पावती न घेता गेलास.

माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही तुझ्यासमोर हेच ठेवलं असतं: जाम गावच्या चौकात तुझा ट्रक ढाब्यामागं उभा सापडला, इंजिन चालू आणि तू चाकाशी आडवा, त्या दिवशी तुला उचलायला मीच आलो होतो. असं एकदा उचललेला माणूस रोज तोलून पाहावासा वाटतो. त्यात तुझा अपमान होता हे खरं. पण त्यात माझी झोपही होती.

मग तू धामणगावची भाडी घेतलीस. मी किती विरोध केला! म्हटलं, हिंगणघाटची घे, आर्वीची घे, जिल्ह्यातली घे. नदीपलीकडं जाऊ नको. पुलगावच्या माणसाला पूल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अलीकडं आपला बंदीचा जिल्हा, पलीकडं अमरावती जिल्हा, आणि पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या. आपल्याकडचे किती संसार त्या पुलावरून गेले आणि परत आले नाहीत.

तू भांडला नाहीस. एका सकाळी मला गाडीत बसवलंस. सरकीची पोती होती मागे. पूल ओलांडून तू बरोबर त्या दुकानासमोर गाडी लावलीस. जाळीतून लोक हात घालत होते. ओळखीचा एक जण गाडीपाशी आला, "अबे नंदू, किती दिसानं! ये ना बे, बसू," म्हणाला. तू म्हणालास, "बसतो ना. तू चहा पेत असशीन तं बसतो." तो शिवी देऊन हसत गेला. तू शेजारच्या टपरीवरून दोन चहा आणलेस, खिशातून गोरसपाक बिस्किटांचा पुडा काढलास. तलफ आली की गोड चघळायचं म्हणून तो पुडा तुझ्या गाडीत कायम असायचा. सीटखाली त्याचा चुरा.

"पाय दादा," तू म्हणालास. "दुकान उघडं आहे. गाडी माही आहे. घरचं कोनी नाई, तू सोडून. अन मी चहा पेऊन राह्यलो. आता सांग, हे सुटनं होय का नाई? तिकडं कुलूप सरकारचं, किल्ली तुह्याजवळ. त्यात मी सोडली असं कसं म्हनू?"

मी म्हटलं, "पाय घसरायले किती वेळ लागते?"

"काईच नाई लागत," तू एकदम म्हणालास. "म्हनूनच तं." आणि चहा संपवलास.

त्या सकाळी तुझा चेहरा मी नीट पाहिला. बाबांचा चेहरा त्यात कुठं नव्हता. लहानपणापासून लोक म्हणत आले की तू त्यांच्यावर गेलास. त्या चहाच्या टपरीवर तू कोणावरच गेलेला नव्हतास. तुझे आभार मानायचे तर त्या चहाबद्दल मानीन. मी जन्मभर थेंब घेतला नाही. पण मला ते सोपं होतं. मला कधी काही सोडावं लागलं नाही. सुटलेला माणूस कसा बसतो, कसा चहा पितो, हे मला तू दाखवलंस.

आणि तरी परत येताना पुलावर मला खाली पाहवत नव्हतं. आपलं काही चांगलं चाललं की मला असंच होतं.

पुढच्या वर्षी तुझे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, यकृत आधीच गेलं होतं, सोडल्यामुळं मधली वर्षं मिळाली. हे मी काकांना दोनदा सांगितलं. काकांनी ऐकलं आणि गावात उलटंच सांगितलं: "एकदम सोडली म्हनून गेला पोरगा. शरीराले सवय असते. थोडी थोडी घेत राह्यला असता तं आज बसला असता इथी." काकांना खोटं बोलायचं नव्हतं, नंदू. त्यांना तसंच वाटतं. तुझ्या तिरडीला खांदा देताना अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस दोनदा पडता पडता वाचला.

आता दहावा दिवस.

वैशाखाचं ऊन. नदीत पाणी म्हणजे डबकी, बाकी रेती आणि काळे दगड. तुझ्या अनिकेतनं मुंडण केलं तेव्हा त्याच्या डोक्याचा आकार तुझ्यासारखा निघाला. कल्पना तिकडं पाहिनाशी झाली. महाराजांनी पिंड मांडला. आम्ही मागे सरलो. चाळीस माणसं बाभळीच्या विरळ सावलीत बसली, आणि कावळा येईना.

पलीकडच्या काठावर तीन बसले होते. मी मोजले. चोची उघड्या टाकून बसले होते. इतक्या उन्हात पाखरू सावली सोडत नाही, हे मला समजत होतं. मी लोकांना तसं म्हटलंही. कल्पना पुढं जाऊन हात जोडून म्हणाली, "अन्या पायावर उभा राहीपर्यंत मी खचनार नाई. जा तुम्ही." कावळा हलला नाही. मी म्हटलं, "घराकडं मी पाहीन, नंदू." हलला नाही. भजी ठेवली, चहा ठेवला. मग मी खिशातून गोरसपाक काढून ठेवला. माझी खात्री होती. एक उडाला, घिरटी घेतली, पुन्हा पलीकडंच जाऊन बसला.

तेव्हा काका उठले. त्यांच्या पिशवीत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला पाहण्याची गरज नव्हती. आदल्याच दिवशी त्यांनी कोणाला तरी पुलापलीकडं पाठवलं होतं. पेपर सोडला, पव्वा होता, सीलबंद.

"काका, नाई," मी म्हटलं.

"बस खाली तू. मी काय त्याचा दुश्मन आहो? जीव अडकून राह्यला पोराचा."

"त्यानं सोडली होती."

"तोंडानं सोडली. जिवानं सुटते का?" काकांचा आवाज फाटला. "जिवानं सुटली असती तं कावळा थांबला नसता. पाय, तिथी बसून आहे. वाट पाहून राह्यला."

चाळीस माणसांनी मान वळवून पलीकडं पाहिलं. मीही पाहिलं. नंदू, तुला खरं सांगतो, त्या क्षणी मला काकांचं म्हणणं पटलं. तू तिथं बसला आहेस, चोच उघडी टाकून, आणि आम्ही तुला पाणी दाखवून अडवून ठेवलं आहे, असं मला वाटलं. त्यांनी झाकण मोडलं. ती कडकड सगळ्यांना ऐकू आली.

मी पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. "काका, त्यानं मले सांगून ठेवलं होतं. दवाखान्यात. ठेवू देऊ नको म्हने. मी हो म्हटलं त्याले."

असं मी म्हटलं. दवाखान्यात म्हटलं नव्हतं, तिथं म्हटलं.

काका हळू म्हणाले, "जिवंतपनीचं जिवंतपनी गेलं. आता तो तुह्या भाऊ नाई राह्यला. ज्याची इच्छा ठेवली तो घरातलं मानूस धरते. मंग म्हनजो नको का काकानं सांगतलं नाई."

घरातलं माणूस कोण, ते त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. सगळे अनिकेतकडं पाहत होते. ओल्या धोतरात, मुंडण केलेला, एकवीस वर्षांचा. मला बैठकीची ती खोली आठवली आणि तिथं कसली भीती वाटली होती ते समजलं. बाबा तुझ्या तोंडानं प्यायले. आता तू कोणाच्या तोंडानं पिणार, हे ठरवायला आम्ही नदीत बसलो होतो.

"नाई ठेवायची," कल्पना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्याहीनं जिवानं सोडली का तोंडानं, मले माहीत आहे. मी निजत होती त्याच्या बाजूले. तुम्ही नाई."

काकांची पकड सुटली. बाटली माझ्या हातात आली, पण ती घेऊन मी काय करणार होतो? अनिकेत जवळ आला. "द्या मोठे बाबा. मी सांडतो." आणि मी दिली.

तो दहा-बारा पावलं लांब गेला आणि त्यानं ती उलटी धरली. तापलेली रेती. थेंबही वाहिला नाही, पडेल तसा आत. महाराजांनी मग दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. विधी पुरा झाला म्हणाले. लोक उठले, पण दर वेळी उठतात तसे मोकळे उठले नाहीत. काका आधीच वर निघाले.

अनिकेत आणि मी सगळ्यांच्या मागं होतो. निघाल्यावर मागं वळून पाहायचं नसतं. थोडं वर आलो आणि पाठीमागं पंख वाजले. मग एकदाच, अगदी जवळून, काव. अनिकेत वळणार होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

कावळा पिंडावर बसला की बाटली सांडलेल्या त्या ओल्या रेतीवर, मला माहीत नाही. मी गाडीच्या चाकाची हवाही दोनदा पाहणारा माणूस. मी पाहिलं नाही. तू मला कितीदा म्हणाला होतास, एकदा तरी न तोलता विश्वास ठेव. त्या एका वेळी ठेवला. तो तुझ्यावर ठेवला की भीतीनं मान वळली नाही, याचा निवाडा तूच कर.

वर रस्त्याला लागल्यावर अनिकेतनं आपला हात नाकाशी नेला. सांडताना बोटं भिजली होती.

"मोठे बाबा," तो म्हणाला, "लहानपनी बाबा मले जवळ घेत ना, तवा असाच वास ये." थोडं चालून म्हणाला, "मंग त्याहीनं सोडली. मंग जवळ घेत तवा वासच नव्हता. मले लय दिवस वाटे का हे दुसरंच मानूस आहे."

घरी गेल्यावर त्यानं साबणानं हात धुतले. हे मी पाहिलं. त्याआधी किती वेळ धुतले नव्हते, तेही मला ठाऊक आहे.

कल्पनाला मी हे सांगितलेलं नाही. तुला सांगतो आहे, कारण सांगायला दुसरं कोणी नाही. पूर्वी असलं काही असलं की तुलाच सांगायचो आणि तू म्हणायचास, "दादा, तू सरकीतबी खडे मोजत असशीन."

काल संध्याकाळी अनिकेत काट्यावर आला, तुझी गाडी घेऊन. टायर तपासून आणले होते, काच पुसलेली होती. तू बसायचास त्याच बाकावर बसला. म्हणाला, "धामणगाववाल्या शेठचा फोन होता. बाबाची भाडी मीच करतो म्हटलं."

"हिंगणघाटची घेतली असती," मी म्हटलं.

"ते बी बाबा सांगून गेले होते मले," तो हसला. "मोठे बाबा हिंगणघाट म्हनतीन म्हने."

नंदू, तो माझ्या शेजारीच बसला होता, हातभर अंतरावर. माझी मान आपोआप पुढं जायला निघाली होती. इतक्या वर्षांची सवय आहे. मी टेबलाचा खण उघडला, गोरसपाकाचा पुडा काढला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं फोडला नाही. "रस्त्यानं खातो," म्हणत खिशात टाकला आणि उठला. गाडी चालू केली. उजेड कमी होत चालला होता. पुलाच्या बाजूनं आभाळ लाल झालं होतं आणि पलीकडच्या दुकानांचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. काट्यावरून ते दिसतात, हे तुला माहीत आहे.

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "रिकामी आहे. काट्यावर घेऊ का?"

"राहू दे," मी म्हटलं. "लिहून आहे तेच धरतो. जा तू."